लायसन्सचं हत्यार गाडीतून नेताना आणि गाडीत ठेवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पीक संरक्षणाची बंदूक असलेले शेतकरी, रिटायर्ड फौजी, रोकड घेऊन फिरणारे व्यापारी, रेंजवर जाणारी नेमबाज पोरं, सगळ्यांचे प्रश्न फिरून फिरून तिथेच येतात. हत्यार घरात कपाटात आहे तोवर सगळं ठीक असतं, गाडीत ठेवलं की गोंधळ सुरू. म्हणून जे प्रश्न सारखे येतात ते एकत्र केलेत. हे सगळं भारतातल्या, त्यातही महाराष्ट्रातल्या लायसन्सधारकांसाठी आहे, आधार शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ चा. पण तुमच्या लायसन्सवर जी अट छापलीय किंवा हाताने लिहिलीय ती खालच्या कुठल्याही वाक्यापेक्षा मोठी, तेव्हा आधी ती पुस्तिका उघडून शेवटच्या पानापर्यंत वाचा. कितीतरी जणांनी ती मिळाल्यापासून वाचलेलीच नसते.

१. माझ्याकडे लायसन्स आहे, मग हत्यार गाडीतून नेलं तर चालतं ना?

चालतं, पण तीन गोष्टी बघा. लायसन्स चालू मुदतीतलं पाहिजे (२०१९ च्या दुरुस्तीनंतर मुदत ३ वर्षांवरून ५ वर्षं झाली, पण जुन्या लायसन्सवर जी तारीख आहे तीच धरायची). तुम्ही जिथून जाणार तो भाग लायसन्सच्या हद्दीत पाहिजे. आणि हत्यार उघडं नको. २०१६ च्या नियमांप्रमाणे सार्वजनिक जागी हँडगन होल्स्टरमध्ये किंवा तशाच कव्हरमध्ये, आणि लांब हत्यार त्याच्यासाठी बनवलेल्या कव्हरमध्ये न्यायचं असतं, पूर्ण झाकलेलं, आणि नेणाऱ्याचा त्यावर नीट ताबा पाहिजे. रस्त्यावरची गाडी म्हणजे माझं घर असं समजू नका. मागच्या काचेतून दुनळी दिसतेय आणि मालक म्हणतो गाडी माझी आहे, हे चालत नाही.

अजून एक, लायसन्स माणसाला असतं, गाडीला नाही. हे एवढं डोक्यात पक्कं बसलं की खालचे अर्धे प्रश्न आपोआप सुटतात.

२. रोज काढा-ठेवा करायचा कंटाळा येतो, रिव्हॉल्व्हर गाडीतच कायम ठेवली तर?

नको. गाडीची काच फोडायला काही सेकंद लागतात आणि गाडी अख्खीच्या अख्खी चोरीला जाते, टोइंगवाला उचलून नेतो, सर्व्हिसिंगला दिली की चार माणसं तिच्यात बसून फिरतात, हॉटेलवर चावी दुसऱ्याच्या हातात जाते. यातल्या एकाही वेळी हत्यार तुमच्या ताब्यात नसतं. लायसन्स घेताना आपण सुरक्षित ठेवण्याची हमी दिलेली असते, आणि ती गाडीच्या ग्लोव्ह बॉक्सने पूर्ण होत नाही. अटीचा भंग झाला तर कलम ३० खाली ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि खरं नुकसान त्याच्या पुढचं, कलम १७ खाली लायसन्स रद्द होऊ शकतं.

माझं स्पष्ट मत सांगतो, गाडी ही हत्याराची ठेवायची जागा नाहीच, ती फक्त नेण्याची सोय आहे. घरून निघालं, पोचलं, काढलं. रात्रभर गाडीत हत्यार ही वेळच येऊ देऊ नका.

३. गाडीत असताना भरलेलं ठेवायचं की मोकळं?

मोकळं. डिकीत, बॅगेत, सीटवर, कुठेही ठेवून न्यायचं असेल तर मोकळंच, याला अपवाद नाही. (स्वसंरक्षणासाठी अंगावर बाळगता तो वेगळा विषय, प्रश्न ४ बघा.)

पण मोकळं म्हणजे काय हे नीट समजून घ्या कारण इथेच चुका होतात. पिस्तुलाचं मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल मोकळं झालं असं नाही, एक गोळी चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला, जिथून बार उडतो त्या खणात) राहिलेली असू शकते, म्हणून आधी मॅगझिन काढायचं, मग स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग) मागे ओढून धरायची, डोळ्याने बघायचं आणि करंगळी घालून चाचपायचं. उलट क्रमाने केलं, म्हणजे आधी स्लाइड ओढली आणि मग मॅगझिन काढलं, तर स्लाइडने मॅगझिनमधली पुढची गोळी परत चेंबरमध्ये चढवलेली असते आणि तुम्हाला वाटतं मोकळं केलं. रिव्हॉल्व्हरचं सिलिंडर बाहेर काढून सगळी घरं मोजायची. बारा बोअरची दुनळी बिजागरीतून उघडून दोन्ही नळ्यांतून आरपार उजेड दिसला पाहिजे.

जुनी बाहेरच्या घोड्यांची बंदूक असेल (घोडा म्हणजे चाप नाही, पिनवर आपटणारा हातोडीसारखा भाग) तर जास्तच जपा. त्यातल्या बऱ्याच बंदुकांचा घोडा खाली असताना पिनवर टेकलेला असतो, म्हणजे आत काडतूस असेल आणि खड्ड्यात गाडी आदळून घोड्याला ठोका बसला तर बार उडू शकतो, चापाला हात लागायची गरजच नाही. आणि कोकणातल्या ठासणीच्या बंदुकीवाल्यांनी तर हे दोनदा वाचा: वरची टोपी (बार पेटवणारी) काढली म्हणजे बंदूक मोकळी झाली नाही, आत दारू आणि छर्रे ठासलेलेच आहेत. रात्री रानडुक्कर आलं नाही म्हणून भरलेली बंदूक तशीच जीपच्या मागे टाकून घरी आणायची सवय आहे लोकांना, ती फार वाईट. शेतावरच, मोकळ्या जागी, नळी सुरक्षित दिशेला करून रिकामी करा आणि मगच गाडीजवळ आणा.

आणि हे सगळं गाडीच्या बाहेर करायचं, सीटवर बसून नाही. गाडीच्या आत नळी कुठेही वळवा, समोर कोणाचा तरी गुडघा नाहीतर डोकं येतं.

४. मला लायसन्स स्वसंरक्षणासाठीच मिळालंय, रोकड असते बरोबर, मग मोकळी रिव्हॉल्व्हर डिकीत ठेवून उपयोग काय?

रास्त प्रश्न आहे, आणि उत्तर असं की मग ती गाडीत नाही, तुमच्या अंगावर पाहिजे. चाप पूर्ण झाकणारं कडक होल्स्टर, पट्ट्याला घट्ट, वरून शर्ट किंवा जॅकेटने झाकलेलं. मांडीखाली, दाराच्या खणात, दोन सीटच्या मध्ये, हँडब्रेकजवळ नाही. करकचून ब्रेक लागला की सुटी वस्तू पुढे जाते, पायाखाली ब्रेक पेडलमागे अडकते, आणि ती वस्तू भरलेलं हत्यार असेल तर विचार करा.

गाडीत बसल्यावर होल्स्टरमधून काढायचं नाही. बसायच्या आधी सीटबेल्ट त्यावरून कसा जातो ते घरी एकदा बसून बघा. आणि जिथे हत्यार अंगावर नेता येणार नाही अशा ठिकाणी जायचं असेल तर प्रश्न १२ वाचा, कारण खरी अडचण तिथे होते.

दारू प्यायची असेल त्या दिवशी हत्यार घरी. गाडीपण घरी.

५. नेमकं कुठे ठेवायचं, डिकीत की जवळ?

मोकळं हत्यार बंद कव्हरमध्ये किंवा पेटीत, पेटीला कुलूप, पेटी डिकीत, डिकीला कुलूप. काडतुसं वेगळ्या डब्यात (प्रश्न ७). चावी तुमच्या खिशात, गाडीच्या जुडग्यात नाही, कारण गाडीची चावी आपण कुणालाही देतो.

बरेच जण अमेरिकेतले व्हिडिओ बघून स्टिअरिंगखाली लावायचे मॅग्नेट आणि सीटच्या बाजूला अडकवायचे होल्डर याबद्दल विचारतात. ते बघून इथे काही करू नका, तिथला कायदा वेगळा. आणि गंमत अशी की तिथेसुद्धा एका राज्यातून दुसऱ्या राज्यात हत्यार नेण्याबद्दलचा १९८६ चा जो केंद्रीय कायदा आहे त्यात हत्यार मोकळं आणि बसलेल्या माणसाच्या हाताला सहज लागणार नाही असं पाहिजे, आणि वेगळी डिकी नसेल तर कुलूपबंद पेटीत, आणि ग्लोव्ह बॉक्स किंवा मधला कन्सोल ही ती पेटी धरली जात नाही. म्हणजे ग्लोव्ह बॉक्सला तिथेही तिजोरी मानत नाहीत. मॅग्नेटला चिकटवलेल्या पिस्तुलाचा चाप उघडा असतो, माझा त्याला ठाम विरोध आहे.

६. माझ्या गाडीला वेगळी डिकीच नाही, हॅचबॅक आहे / जीप आहे / पिकअप आहे. मग?

हॅचबॅक आणि एसयूव्हीत मागचा भाग आतून उघडाच असतो म्हणून तिथे पेटी महत्त्वाची. स्टीलची छोटी पेटी घ्या आणि ती गाडीला बांधा, नुसती ठेवून उपयोग नाही, चोर पेटीसकट नेतो. सीट जिथे बोल्टने जमिनीला धरलेली असते त्या लोखंडाला जाड केबलने अडकवता येते. केबल कापता येते हे खरं, पण तिचं काम चोराला वेळ लावायचं आहे. रोज लागणार असेल तर चांगल्या मेकॅनिककडून पेटी बोल्ट करून घ्या, फक्त खाली पेट्रोलची टाकी, वायरिंग कुठे आहे ते बघूनच भोक पाडायला सांगा.

लांब बंदुकीचं सोपं आहे, बारा बोअरची नळी, पुढचं लाकूड आणि दस्ता सुटे होतात, सुटे करून छोट्या केसमध्ये ठेवा. बोल्टवाल्या रायफलीचा बोल्ट (गोळी चढवायला मागे-पुढे सरकवतो तो दांडा) काढून वेगळा ठेवा. नुसती रायफल नेली तरी चोराला ती लगेच चालवता येणार नाही.

पिकअपच्या हौद्यात बंदूक ठेवू नका, ताडपत्रीखाली पण नाही. केबिनमध्ये सीटच्या मागे, केसमध्ये, कुलूप लावून.

केबल लॉक आणि ट्रिगर लॉक यात काय घ्यायचं असं पण विचारतात. मला केबल लॉक आवडतं कारण ते चेंबरमधून किंवा मॅगझिनच्या जागेतून ओवलं की हत्याराची स्लाइड किंवा सिलिंडर पूर्ण मिटतच नाही, म्हणजे मोकळं आहे हे लांबूनच दिसतं. ट्रिगर लॉक भरलेल्या हत्यारावर कधीच लावायचं नाही, लावतानाच चाप दाबला जाऊ शकतो.

७. काडतुसं गाडीत उन्हात ठेवली तर फुटतात का? आणि किती नेता येतात?

उन्हाने फुटत नाहीत. बंद गाडीत बाहेर ३५ डिग्री असताना तासाभरात ५० च्या वर जातं, पण काडतूस आपोआप पेटायला याच्या कितीतरी पट उष्णता लागते. नुकसान वेगळं होतं, महिनोन्महिने तापून-थंड होऊन आतली दारू खराब होते, मग बार उशिरा होणं, अर्धवट होणं, न होणं. अर्धवट बार सगळ्यात वाईट, कारण गोळी नळीत अडकते आणि पुढचा बार नळी फोडू शकतो. म्हणून काडतुसं गाडीत साठवायची नाहीत, त्या दिवसापुरती न्यायची आणि परत आणायची.

किती, ते तुमच्या लायसन्सवर लिहिलेलं असतं, एका वेळी किती बाळगायची आणि वर्षाला किती घ्यायची. घेतल्याची नोंद आणि दुकानाचं बिल बरोबर ठेवा. मित्राचं उरलेलं पाकीट तुमच्या डिकीत असलं तर ते तुमच्याच आकड्यात मोजलं जाणार, आणि वेगळ्या बोअरचं असेल तर ते तुमच्या लायसन्सवर बसतच नाही. तुमची .३२ आहे आणि गाडीत .३१५ ची पाच काडतुसं सापडली, तर त्या पाच काडतुसांपुरते तुम्ही विनापरवाना आहात.

८. कागद काय काय बरोबर ठेवायचे? मोबाइलमध्ये फोटो चालेल का?

ओरिजिनल लायसन्स, त्यावर युनिक आयडी नंबर असलेलं. हत्याराचा नंबर लायसन्सवरच्या नंबराशी एकदा घरी पडताळून बघा, जुन्या पुस्तिकांमध्ये नकलताना एखादा आकडा चुकलेला निघतो आणि तो नाक्यावर कळण्यापेक्षा घरी कळलेला बरा. काडतुसांचं बिल, ओळखपत्र. रेंजवर किंवा स्पर्धेला जात असाल तर क्लबचं कार्ड आणि स्पर्धेचं पत्र.

मोबाइलमधला फोटो जादा म्हणून ठेवा, मुख्य म्हणून नाही. कलम १९ खाली पोलिस लायसन्स दाखवायला सांगू शकतात आणि न दाखवता आल्यास हत्यार जप्त करू शकतात. लायसन्स नूतनीकरणाला दिलं असेल तर पोचपावती जपा, पण शक्य असेल तर तेवढे दिवस हत्यार बाहेर काढूच नका.

९. नाकाबंदीत गाडी थांबवली तर काय करायचं? सांगायचं की गप्प बसायचं?

सांगायचं, आणि आधीच सांगायचं. कलम २३ मध्ये शस्त्र कायद्याचा भंग होतोय का ते बघण्यासाठी गाडी थांबवून झडती घेण्याचा अधिकार पोलिसांना आहे. त्यांनी डिकी उघडल्यावर बंदूक दिसणं आणि तुम्ही आधी सांगितलेलं असणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद, रात्र असेल तर आतला दिवा लावा, काच पूर्ण खाली, दोन्ही हात स्टिअरिंगवर. मग तोंडाने सांगा, "साहेब, माझ्याकडे परवान्याचं हत्यार आहे, मागे डिकीत पेटीत आहे, मोकळं आहे, लायसन्स माझ्या खिशात आहे, काढू का?" हो म्हणाले की काढा. हत्याराला स्वतः हात लावू नका, "हे बघा" म्हणून पिस्तूल काढून दाखवणं ही सगळ्यात धोक्याची चूक, समोरच्या शिपायाला तुमचा हेतू माहीत नाही आणि अंधारात त्याला फक्त हातातलं हत्यार दिसतं. अंगावर असेल तर कुठे आहे ते सांगा आणि ते सांगतील तसं करा.

काही कारणाने जप्त केलं तर वाद रस्त्यावर घालू नका. हत्याराचा नंबर आणि काडतुसांची संख्या लिहिलेली पावती किंवा पंचनाम्याची प्रत मागा, ठाण्याचं नाव लिहून घ्या, बाकी वकील बघेल.

१०. महाराष्ट्राचं लायसन्स आहे, गोव्याला किंवा कर्नाटकात जाताना हत्यार गाडीत असलं तर?

लायसन्सवर हद्दीचा रकाना असतो. तिथे फक्त जिल्हा असेल तर जिल्हा, राज्य असेल तर राज्य, अखिल भारत असेल तर सगळीकडे. कोल्हापूरहून बेळगावला सासरी जाणाऱ्याला हद्द ओलांडली हे जाणवत पण नाही, पण राज्यापुरतं लायसन्स तिथे संपतं, आणि हद्दीबाहेर तुम्ही लायसन्स नसल्यासारखेच धरले जाऊ शकता. विनापरवाना हत्याराला २०१९ नंतर शिक्षा किमान २ आणि जास्तीत जास्त ५ वर्षं आहे. हद्द वाढवून मिळते, पण त्यासाठी आधी अर्ज करायला लागतो. पीक संरक्षणाच्या लायसन्सची हद्द तर आणखी छोटी असते, शेत आणि आसपासचा भाग, ती बंदूक घेऊन शंभर किलोमीटर लांबच्या पाहुण्याकडे जायचं नाही.

११. जमावबंदी किंवा निवडणूक असताना काय?

पूर्वीचं कलम १४४ म्हणजे १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३, आणि आपल्याकडे त्याशिवाय महाराष्ट्र पोलिस कायद्याचं कलम ३७, याखाली सणासुदीला, आंदोलनाच्या वेळी हत्यारं घेऊन फिरायला बंदी निघते. आदेशात लायसन्सवाल्यांना सूट आहे की नाही ते प्रत्येक वेळी वेगळं असतं. निघायच्या आधी जिथे जाणार तिथल्या ठाण्यात फोन करून विचारा, फक्त आपल्या गावच्या नाही.

निवडणुकीत छाननी समिती लायसन्सधारकांची यादी बघते आणि ज्यांना नोटीस येते त्यांनी हत्यार ठाण्यात जमा करायचं असतं. जमा करायला नेताना पण नियम तेच, मोकळं, झाकलेलं, लायसन्स आणि नोटीस दोन्ही बरोबर, सरळ ठाण्यात, मध्ये कुठे न थांबता. पावती घेतल्याशिवाय ठाण्यातून निघू नका, वर्षभराने नंबराची भानगड निघाली की तो एकच कागद कामाला येतो.

१२. वाटेत जेवायला, देवाला, कोर्टात थांबायचं असेल तर हत्यार गाडीत ठेवून जाऊ का?

या प्रश्नाला गोड उत्तर नाही. मंदिरात नेता येत नाही, कोर्टात नेता येत नाही, मॉलच्या दारात मशीन असतं, म्हणजे हत्यार गाडीत राहणार, आणि गाडी पार्किंगमध्ये. म्हणून दिवसाचा कार्यक्रम सकाळीच बघा. असं एक जरी ठिकाण असेल तर हत्यार घरी ठेवून निघा.

रेंजहून परत येताना चहाला थांबलात तर गाडी नजरेसमोर लावा, हत्यार आधीच डिकीत गेलेलं पाहिजे. थांबायच्या जागी पोचून, सगळ्यांसमोर पुढच्या सीटवरची केस उचलून डिकीत ठेवणं म्हणजे बघणाऱ्याला पत्ता देणं. हे सगळं निघतानाच करायचं. गाडीवर नेमबाजीचे स्टिकर पण लावू नका, त्याचा अर्थ चोरालाही कळतो.

मुक्कामाचं हॉटेल असेल तर हत्यार खोलीत, तुमच्याबरोबर, कुलूप लावलेल्या केसमध्ये, आणि केस खोलीतल्या हलणार नाही अशा वस्तूला केबलने बांधून. बुकिंग करतानाच विचारा की परवान्याचं हत्यार चालेल का, पोचल्यावर नाही म्हणाले तर रात्री अकराला कुठे जाणार.

१३. ड्रायव्हर, बायको किंवा भाऊ माझी बंदूक गाडीतून नेऊ शकतात का?

कलम ३ मध्ये एक छोटी सवलत आहे. लायसन्सधारक समोर असताना, किंवा त्याच्या लेखी परवानगीने, दुसरा माणूस स्वतः लायसन्स नसतानाही हत्यार नेऊ शकतो, पण तीनच कामांसाठी: दुरुस्ती, लायसन्सचं नूतनीकरण, किंवा धारकाच्या स्वतःच्या वापरासाठी. म्हणजे तुम्ही आजारी आहात आणि भावाने बंदूक दुरुस्तीला न्यायची, तर चिठ्ठी लिहून द्या, त्यात हत्याराचा नंबर, लायसन्स नंबर, कुठून कुठे, कशासाठी, तारीख, सही, आणि सोबत लायसन्स द्या. जाणाऱ्याने सरळ जायचं, सरळ यायचं.

"गाडीत राहू दे, तो संध्याकाळी घरी आणेल" हे या तीन कामांत बसत नाही. तुम्ही स्टेशनवर उतरलात आणि ड्रायव्हर हत्यारासकट गाडी घेऊन गेला, तर पकडल्यावर तो विनापरवाना आणि तुम्ही अट मोडलेले. गरीब माणूस असतो, नोकरीसाठी नाही म्हणू शकत नाही. त्याला यात अडकवू नका, मनापासून सांगतो.

बायको गाडीत बसलीय आणि तुम्ही पाच मिनिटं उतरलात, यात मोठा गुन्हा घडला असं कोणी म्हणणार नाही, पण पेटीची चावी तुमच्याकडेच पाहिजे आणि गाडी दिसेल इतक्याच अंतरावर जा.

१४. मुलं गाडीत असतात, एवढ्या छोट्या वेळात काय होणार?

मुलं बंद गाडीत बसली की सगळे खण उघडतात, बटणं दाबतात, सीटखाली हात घालतात, ही त्यांची रीतच आहे. सेफ्टी लावलीय, मुलाला माहीत आहे, त्याला दटावलंय, यातलं काहीही कुलपाची जागा घेत नाही. डबल ॲक्शन रिव्हॉल्व्हरचा चाप जड असतो म्हणून लहान मुलाला दाबता येणार नाही असंही ऐकलंय. दोन्ही अंगठे लावून दाबता येतो, आणि तेव्हा नळी त्याच्याच छातीकडे असते. मोकळं, पेटीत, कुलूप, चावी खिशात. बाकी काही नाही.

१५. बाइकवरून नेता येतं का?

हँडगन अंगावर होल्स्टरमध्ये, झाकलेली, तेवढंच. सीटखालची डिकी स्क्रू ड्रायव्हरने उघडते, तिथे नको. लांब बंदूक पाठीला लावून बाइकवर नेणं कायद्याने कव्हरमध्ये बसत असलं तरी पडलात तर नळी वाकते, मणक्याला लागतं, आणि गर्दीत लोक घाबरतात. सुटी करून सॅकमध्ये नेता येते, पण गाडी मिळत असेल तर गाडीच घ्या.

१६. एअर रायफलला पण हे सगळं लागू आहे का? तिला तर लायसन्स लागत नाही.

.१७७ बोअरची, २० ज्यूलपर्यंतची एअर रायफल असेल तर लायसन्स नाही, त्यापेक्षा मोठी किंवा जास्त ताकदीची असेल तर लागतं. पण लांबून बघणाऱ्याला ती रायफलच दिसते. केसमध्ये, डिकीत, खरेदीचं बिल आणि क्लबचं कार्ड बरोबर. पीसीपी प्रकारच्या (आधीच दाबाने हवा भरून ठेवायच्या) रायफलचा हवेचा सिलिंडर उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका, दाब वाढतो.

१७. आमच्या गावचा रस्ता अभयारण्यातून जातो, बंदूक गाडीत असली तर?

इथे शस्त्र कायद्याशिवाय दुसरा कायदा येतो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चं कलम ३१ म्हणतं की मुख्य वन्यजीव रक्षकाच्या किंवा त्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात हत्यार घेऊन जायचं नाही. तुमचं अखिल भारतीय लायसन्स इथे उपयोगाचं नाही. परतवाड्याहून धारणीला जाणारा मेळघाटचा रस्ता घ्या, माणूस फक्त घरी चाललेला असतो, पण चेकपोस्टवर डिकीत बंदूक आणि टॉर्च सापडली तर शिकारीचाच संशय येणार. लेखी परवानगी घ्या किंवा लांबचा रस्ता घ्या.

१८. लग्नाच्या वरातीत गाडीतून बार काढला तर, हवेतच ना?

२०१९ च्या दुरुस्तीत यासाठी वेगळी तरतूद झालीय, बेपर्वाईने किंवा आनंदाच्या भरात गोळीबार करून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला तर २ वर्षांपर्यंत कैद, किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. हवेत गेलेली गोळी खाली येते, आणि वरातीत गच्चीवर बायका-पोरं उभी असतात. लग्नाला हत्यार नेऊच नका.

१९. गाडी फोडून हत्यार चोरीला गेलं तर आधी काय करू?

जवळच्या ठाण्यात लगेच कळवा, ही लायसन्सची अटच आहे, घरी जाऊन शोधतो मग बघू असं नाही. चोरीच्या हत्याराने रात्री काही घडलं आणि तुमची तक्रार दुसऱ्या दिवशीची निघाली तर तुम्हाला किती उत्तरं द्यावी लागतील याचा विचार करा. ११२ ला फोन, गाडीला हात न लावणं, एफआयआरमध्ये हत्याराचा प्रकार, बोअर, नंबर, काडतुसं किती, हे सगळं लिहून घेणं, आणि मग लायसन्स देणाऱ्या ऑफिसला लेखी कळवणं, म्हणजे शहरात पोलिस आयुक्तालय, बाकी ठिकाणी जिल्हाधिकारी कार्यालय. म्हणून नंबराचा फोटो फोनमध्ये असू द्या, लायसन्स पण हत्याराबरोबरच चोरीला गेलेलं असतं.

अपघात होऊन तुम्ही दवाखान्यात आणि गाडी क्रेनवर, अशा वेळीही हेच. शुद्धीवर असाल तर पहिल्या पोलिसाला सांगा की गाडीत हत्यार आहे. घरच्या एकाला तरी माहीत असू द्या.

२०. गाडी विकताना सीटखाली एक जुनं काडतूस सापडलं / बॅगेत राहिलं आणि एअरपोर्टवर सापडलं. गुन्हा आहे का?

सुप्रीम कोर्टाने १९७२ मध्येच म्हटलंय की ताबा म्हणजे नुसतं जवळ असणं नाही, त्याची जाणीव पाहिजे. नकळत राहिलेल्या काडतुसाच्या प्रकरणात वकील हाच मुद्दा मांडतात. पण तो मुद्दा कोर्टात चालतो, एअरपोर्टवर नाही. तिथे विमान चुकतं, रात्र ठाण्यात जाते आणि पुढे तारखा. म्हणून शिकार-शेत-रेंज यासाठी वापरलेली बॅग प्रवासाला वापरू नका, ती वेगळीच ठेवा. गाडी विकायच्या आधी सीट, स्टेपनीची जागा, मॅटखाली हात फिरवा. सापडलं आणि लायसन्स त्याच बोअरचं असेल तर आपल्या साठ्यात घ्या, नसेल तर ठाण्यात कळवून जमा करा.

२१. पावसाळ्यात केसमध्ये ठेवूनही गंज चढला, असं कसं?

केसमुळेच चढला. फोमची केस ओल धरून ठेवते. केस प्रवासापुरती. भिजलेलं हत्यार केसमध्ये घालून एसी गाडीतून उतरलं की बाहेरच्या दमट हवेने धातूवर दव धरतं. घरी पोचलं की बाहेर काढा, पुसा, नळीत तेलाचा फडका फिरवा, केस उघडी वाळू द्या. वडिलांच्या दुनळीच्या नळीवर माझ्या हातून एका आठवड्यात डाग पडले ते असेच, अजून आहेत.

२२. वडील वारले, त्यांची बंदूक गावच्या घरी आहे. मी गाडीतून शहरात घेऊन येऊ का?

नाही, आणि हे सांगताना वाईट वाटतं कारण हा प्रश्न नेहमी तेराव्याच्या आसपास येतो. वडील गेले तसं त्यांचं लायसन्सही संपलं. तुम्ही वारस असलात तरी तुमच्या नावाने लायसन्स नाही, आणि प्रश्न १३ मधली सवलत इथे मिळत नाही कारण परवानगी देणारा धारकच नाही. चांगल्या मनाने, घर बंद राहणार म्हणून डिकीत घालून निघालेला मुलगा कायद्याने विनापरवाना हत्यार नेणारा ठरतो.

तिथल्याच ठाण्यात जा, मृत्यूचा दाखला आणि वडिलांचं लायसन्स न्या, सांगा की बंदूक घरी आहे आणि जमा करायची आहे. ती ठाण्यात कशी आणायची ते त्यांनाच विचारा, बरेचदा हवालदार बरोबर येतो. कलम २१ खाली विनाकारण उशीर न लावता ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची असते. पावती घ्या. मग वारसा म्हणून स्वतःच्या नावाने लायसन्सचा अर्ज करा, बाकीच्या वारसांचं ना-हरकत लागतं. मिळायला वेळ लागतो, तोवर बंदूक तिथेच जमा राहते. लायसन्स हातात आलं की मग वर प्रश्न ३ आणि ५ वाचून, स्वतः जाऊन, ती घरी आणा.